औंढ्याची वेधशाळा आणि विदर्भाची मागणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहत असलेल्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेविषयी आमच्या भागात, म्हणजे वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात, गेली काही वर्षे एकच प्रश्न ऐकू येतो, की तेही मराठवाड्यालाच गेले, मग विदर्भाच्या वाट्याला काय आले? आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवात आणि बाजार समितीच्या ओट्यावर मी तो ऐकला आहे, आणि आपल्या वाचकांच्या पत्रांतही त्याचा सूर अधूनमधून उमटलेला वाचला आहे. सिंचनाचा अनुशेष, रस्ते आणि नोकऱ्या यांबाबतचे विदर्भाचे दुःख खरे आहे, त्याविषयी माझे दुमत नाही. परंतु या वेधशाळेच्या बाबतीत आपण नको ती गोष्ट मागत आहोत आणि जी मागायला हवी ती मागायची राहून जात आहे, असे माध्यमिक शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर मला तीव्रतेने वाटते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

रिसोड तालुक्याची दक्षिणेकडची शीव ओलांडली की हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुका लागतो. शिवेच्या अलीकडे सोयाबीन आणि तूर, पलीकडेही सोयाबीन आणि तूर. लेकीबाळी तिकडे दिलेल्या, तिकडच्या सुना इकडे आलेल्या. अकोल्याहून वाशीम, हिंगोलीमार्गे पूर्णेला जाणारी रेल्वे दोन्ही विभागांना एकाच रुळावर बांधते. पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर आहे. आकाशातून आलेल्या अशनीने काळ्या बेसाल्ट खडकात पाडलेले हे विवर जगभरचे अभ्यासक येऊन पाहतात. आकाशाचा आणि आपल्या जमिनीचा संबंध आमच्या मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही, तो त्यांना सहलीत पाहता येतो. महसूल विभागाची रेषा प्रशासनासाठी आवश्यक असेल, पण ज्या लहरी पृथ्वीतून आरपार निघून जातात त्यांच्या अभ्यासावर हक्क सांगताना ती रेषा मध्ये आणणे मला पटत नाही.

आता ही वेधशाळा म्हणजे नेमके काय, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण समज-गैरसमज तिथूनच सुरू होतात. आइन्स्टाइन यांनी १९१६ साली असे मांडले, की प्रचंड वस्तुमानाचे गोल एकमेकांभोवती वेगाने फिरू लागले की अवकाशातच तरंग उठतात आणि ते प्रकाशाच्या वेगाने पसरत जातात. असा तरंग आपल्यातून जातो तेव्हा एका दिशेचे अंतर किंचित वाढते आणि तिच्याशी काटकोनातील दिशेचे अंतर किंचित घटते. म्हणून यंत्रही इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखे, दोन काटकोनी बाहूंचे करतात. लायगोचा प्रत्येक बाहू ४ किलोमीटर लांबीचा असतो. लेझरचा झोत मध्यभागी दुभंगून दोन्ही बाहूंत पाठवतात, टोकांच्या आरशांवरून तो परत आणतात आणि दोन्ही झोत एकमेकांशी ताडून पाहतात. अंतरात फरक पडला असेल तर तो इथे कळतो. सुमारे ४० किलो वजनाचे आरसे काचेच्या बारीक धाग्यांनी टांगलेले असतात. गवंड्याचा ओळंबा वरचा हात हलला तरी क्षणभर जागीच राहतो, त्याच तत्त्वावर ते जमिनीच्या थरथरीपासून अलिप्त ठेवलेले असतात. ज्या नळ्यांतून प्रकाश धावतो त्यांतली हवा इतकी काढून घेतात, की वातावरणाच्या दाबाचा लाख-कोटीवा हिस्साच आत उरतो. चार किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीची गोलाई एक मीटरहून थोडी अधिक खाली जाते, त्यामुळे नळी सरळ ठेवण्यासाठी जमिनीची पातळी मुद्दाम साधावी लागते. ही गोष्ट मी वर्गात सांगत असे तेव्हा शेत सपाट करणाऱ्या घरांतील मुलांना ती सर्वांत आधी कळत असे.

एवढ्या खटाटोपातून मोजायचे काय, तर चार किलोमीटरच्या अंतरात पडलेला, अणूच्या गर्भातील एका प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो पटींनी लहान असा फरक. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तो पहिल्यांदा मोजला गेला. पोळा नुकताच झाला होता आणि गणपती तीन दिवसांवर आले होते. भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथील लायगोचे यंत्र हलले, आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी तीन हजार किलोमीटरवरील हॅनफर्डचे यंत्र त्याच पद्धतीने हलले. सूर्याच्या अंदाजे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक अब्जाहून अधिक प्रकाशवर्षांच्या अंतरावर एकमेकांत मिसळली होती आणि सुमारे तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने विखुरले गेले होते. खात्री करण्यात पाच महिने गेल्यानंतर ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही घटना जाहीर झाली, आणि त्यानंतर आठवड्याच्या आतच भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने आपल्या देशातील लायगोला तत्त्वतः मान्यता दिली. पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली आणि पुढच्याच महिन्यात पायाभरणी झाली. सुमारे २,६०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प २०३० च्या सुमारास पूर्ण करण्याचे उद्दिष्ट जाहीर झालेले आहे.

भारतातच यंत्र कशासाठी, असाही प्रश्न मला विचारला जातो. रात्री शिवारात कुत्रे भुंकले तर ते कोणत्या दिशेला आहे हे आपल्याला दोन कान असल्यामुळे कळते, कारण आवाज एका कानाला किंचित आधी पोहोचतो. अमेरिकेतील दोन यंत्रांना २०१५ मध्ये दिशेचा जो अंदाज आला, तो आकाशात पौर्णिमेचे सुमारे तीन हजार चंद्र मावतील एवढ्या विस्तृत पट्ट्याचा होता. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतील पिसा शहराजवळचे ‘व्हर्गो’ हे यंत्र जोडीला आले. त्याच महिन्याच्या १७ तारखेला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची, म्हणजे विझलेल्या मोठ्या ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांची, टक्कर नोंदवली गेली, तेव्हा हा पट्टा इतका आटला होता की काही तासांतच दुर्बिणींनी ती घटना एका विशिष्ट दीर्घिकेत शोधून काढली. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत तयार होतात याचा भक्कम पुरावा तेव्हा मिळाला. आमच्याकडे बायकांच्या गळ्यातल्या डोरल्यातील मण्यांचे मूळ एखाद्या अशाच जुन्या टकरीत असू शकते, हे सांगितल्यावर माझ्या वर्गात झालेली शांतता मला अजून आठवते. औंढ्याचे यंत्र इतर सर्वांपासून फार दूर असल्याने त्याच्या भरवशावर दिशा आणखी नेमकी ठरणार आहे. या जागेचे मोल असे जगाच्या नकाशावरून ठरते.

आता शांततेविषयी. माझ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. ज्या प्रकारच्या यंत्राचे हे वाढवलेले रूप आहे, त्याचा पहिला प्रयोग अल्बर्ट मायकेलसन यांनी १८८१ साली जर्मनीत केला. सुरुवातीला त्यांनी यंत्र बर्लिनमध्ये मांडले, पण रस्त्यावरच्या वाहतुकीने ते इतके थरथरू लागले की मोजमाप करणे अशक्य झाले. शेवटी त्यांनी ते बर्लिनबाहेर पॉट्सडॅमच्या वेधशाळेच्या तळघरात नेले, आणि तिथेसुद्धा शंभर मीटरवरच्या फरसबंदीवर कोणी पाय आपटले तरी प्रकाशाचे पट्टे दिसेनासे होत, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. आजची यंत्रे त्याहून कितीतरी पटींनी नाजूक आहेत. रेल्वे, अवजड ट्रक, गिट्टीच्या खदानीतले सुरुंग, दूरच्या समुद्रातील लाटा आणि जगाच्या दुसऱ्या टोकाचा भूकंप हे सारे त्यांना जाणवते. हॅनफर्डला तर नळीवरच्या बर्फावर चोची मारणाऱ्या डोमकावळ्यांचीही नोंद यंत्रात सापडली होती.

अशा यंत्राला जे लागते ते मुंबई-पुण्याकडे पैसे मोजूनही मिळत नाही, ते आपल्याकडे आहे. समुद्रापासून दूर, मोठ्या शहरांपासून दूर, कारखान्यांच्या गर्दीपासून दूर असा हा प्रदेश. ज्याला आजवर मागासलेपणा म्हटले गेले, त्यातलाच एक भाग या कामात भांडवल ठरला आहे. ही शांतता एकट्या औंढा तालुक्याची म्हणता येत नाही. जमिनीची थरथर शिवेवरच्या दगडापाशी थांबत नाही, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत हिंगोली, वाशीम आणि परभणी जिल्ह्यांत खदानी कुठे निघतील, अवजड रस्ते कुठून जातील, रेल्वेचे मार्ग कसे वाढतील याचा विचार एकत्रितपणे करावा लागेल. म्हणजे विदर्भाच्या काठावरची गावे या प्रयोगात आपली शांतता घालणार आहेत. जो भांडवल घालतो त्याला वाटा मागण्याचा अधिकार असतो, आणि हा वाटा शिक्षणाच्या रूपाने मागावा, एवढेच माझे सांगणे आहे.

ज्या पॉट्सडॅमचा उल्लेख वर आला, तिथेच पुढे १९९५ साली जर्मनीच्या मॅक्स प्लांक या संशोधन संस्थेने केवळ गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासाला वाहिलेली एक संस्था स्थापन केली. तिला आइन्स्टाइन यांचे नाव आहे. युर्गेन एहलर्स हे तिचे संस्थापक संचालक होते. काही वर्षांत ती शहराच्या कडेच्या गोल्म या गावात गेली, आणि २००२ पासून तिची दुसरी शाखा हॅनोवर येथे सुरू झाली. गोल्मला मुख्यतः कागदावरचे आणि संगणकावरचे काम चालते. दोन कृष्णविवरे मिसळताना लहरीचा आकार कसा असेल हे आधी गणिताने काढून ठेवावे लागते, तेव्हाच ती गोंगाटात ओळखता येते. अलेसांड्रा बुओनानो या इटालियन शास्त्रज्ञ बाईंचा गट हेच काम करतो. हॅनोवरच्या शाखेचे यंत्र मात्र शहरापासून दूर, शेतांच्या मधोमध आहे. ‘जिओ ६००’ असे त्याचे नाव. शेताच्या कडेने खणलेल्या चरांत ६०० मीटर लांबीच्या नळ्या टाकलेल्या आहेत आणि आजूबाजूला शेती चालू असते. आकाराने लहान असल्यामुळे पहिली लहर पकडण्याचा मान त्याला मिळाला नाही, परंतु काचेच्या धाग्यांनी आरसे टांगण्याची पद्धत तिथे पारखली गेली, लायगोचे शक्तिशाली लेझर हॅनोवरच्या शास्त्रज्ञांनी घडवून दिले, आणि प्रकाशातला अंगभूत गोंगाट दाबण्याची युक्तीही २०१० पासून तिथेच रोजच्या वापरात आली. पुढे ती अमेरिकेतील मोठ्या यंत्रांनी घेतली. शेताच्या धुऱ्यावरचे लहान यंत्र जगातल्या मोठ्या यंत्रांची शाळा होऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

१४ सप्टेंबरची ती पहिली लहरसुद्धा, ज्या देशात यंत्र हलले तिथल्या कोणाच्या नजरेस आधी पडली नाही. अमेरिकेत तेव्हा रात्र होती. हॅनोवरमध्ये मार्को ड्रागो नावाचा तरुण इटालियन संशोधक संगणकासमोर बसला होता, त्याच्याकडे काही मिनिटांतच आपोआप सूचना आली. आलेख इतका स्वच्छ होता की ही मुद्दाम घातलेली चाचणी असावी असे त्याला वाटले. शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याला घेऊन त्याने अमेरिकेत फोन लावला आणि चाचणी नसल्याची खात्री करून घेतली. यंत्र कोणाच्या जमिनीवर आहे याला महत्त्व आहेच, पण आलेले आकडे वाचण्याचे शिक्षण कोणाकडे आहे यालाही तितकेच महत्त्व आहे.

हाइन्झ बिलिंग यांच्याविषयीही लिहावेसे वाटते. १९६९ साली अमेरिकेतील जोसेफ वेबर यांनी गुरुत्वीय लहरी सापडल्याचा दावा केला होता. म्युनिकला बिलिंग यांच्या गटाने तशीच यंत्रे अधिक काळजीपूर्वक बांधली आणि काहीच सापडत नाही हे निःसंशयपणे दाखवून दिले. सापडले नाही असे प्रामाणिकपणे सांगायलाही मोठी साधना लागते. त्याच गटाने पुढे गार्शिंग येथे ३० मीटरचे लेझर यंत्र उभारले, आणि आजच्या हॅनोवरच्या कामाची मुळे तिथपर्यंत जातात. लहरी सापडेपर्यंत जगायचे, असे बिलिंग म्हणत असत. ११ फेब्रुवारी २०१६ ची घोषणा झाली तेव्हा ते १०१ वर्षांचे होते, आणि पुढच्या वर्षीच्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. एका माणसाने सुरू केलेले काम चाळीस-पंचेचाळीस वर्षे तुटू न देता पुढच्या पिढ्यांकडे सोपवत राहणे, हे संस्थेमुळेच शक्य होते. आमच्याकडे बुद्धीची उणीव मला कधी जाणवली नाही, पण असे सातत्य फारसे पाहायला मिळाले नाही.

आपल्या माणसांनी या विषयात काय केले आहे हेही आपल्या मुलांना ठाऊक नसते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गोंगाटातून लहर ओळखण्याचे गणित विकसित केले, तेव्हा अशा लहरी सापडतील यावर पैज लावायलाही फार लोक तयार नव्हते. बंगळुरूचे बाला अय्यर यांनी लहरींच्या आकाराचे कठीण गणित केले. दोन कृष्णविवरे मिसळल्यानंतर नवे विवर घंटेसारखे थोडा वेळ निनादते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० सालीच दाखवले होते. आयुकाची स्थापना १९८८ साली जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली झाली, आणि विद्यापीठांतील सामान्य अध्यापकांसाठी तिची दारे उघडी राहावीत यावर त्यांचा कटाक्ष होता. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा आमच्या गावच्या वाचनालयात त्यांच्या पुस्तकांचे प्रदर्शन लावले होते आणि ती पाहायला मोजून अकरा मुले आली. मला ती अकरा कमी वाटली नाहीत.

आणि अभय अष्टेकर. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेल्या या मराठी माणसाने आइन्स्टाइन यांची समीकरणे नव्या चलांत मांडून पुंज-गुरुत्वाच्या, म्हणजे अणूंच्या जगाचे नियम गुरुत्वाकर्षणाला लावून पाहण्याच्या, संशोधनाला वळण दिले आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासाचे केंद्र उभे केले. ते केंद्र आज जगातल्या नामवंत केंद्रांत गणले जाते. मला त्याहून अधिक भावते ते हे, की ते विद्यापीठ १८५५ साली ‘शेतकऱ्यांची शाळा’ या नावाने ग्रामीण भागात सुरू झाले होते. शेतीच्या शाळेच्या आवारात दीडशे वर्षांनी कृष्णविवरांचा अभ्यास होऊ शकतो, तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आणि अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाच्या प्रदेशात तो का होऊ नये, हा प्रश्न मी अगदी गांभीर्याने विचारत आहे.

सध्याच्या आखणीत आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि अणुऊर्जा विभागाची मुंबईतील बांधकाम यंत्रणा अशा संस्था जबाबदाऱ्या वाटून काम करत आहेत. त्या समर्थ आहेत. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी हिंगोली परिसरातल्या शाळांमध्ये येऊन कार्यक्रमही केले आहेत, त्याबद्दल कृतज्ञता आहे. परंतु यातली प्रत्येक संस्था दूरच्या शहरात आहे. औंढ्याला यंत्र आणि ते चालवणारे कर्मचारी राहतील, अभ्यास मात्र पुण्यात होईल, आणि आमची मुले कुंपणाच्या बाहेरून त्या लांबच लांब नळ्या पाहून परत येतील, अशी मला भीती वाटते. गोल्म आणि हॅनोवर यांच्यासारखी जोडी आपल्याकडेही हवी. औंढ्याच्या वेधशाळेला जोडून, हिंगोली किंवा वाशीममध्ये, गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासाची एक लहान पण खरीखुरी संस्था असावी. तिथे पाच-सहा संशोधक कायम राहावेत, आसपासच्या महाविद्यालयांतील भौतिकशास्त्राच्या अध्यापकांना वर्षातून काही महिने येऊन काम करता यावे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह असावे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील विज्ञान शिक्षकांसाठी दर उन्हाळ्यात मराठीतून वर्ग असावा. २,६०० कोटींच्या प्रकल्पापुढे याचा खर्च फार मोठा होईल असे मला वाटत नाही. आमदार-खासदारांनी विदर्भासाठी काही मागायचेच असेल तर हे मागावे.

मराठीचा आग्रह मी भावनेपोटी धरत नाही. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याने मला विचारले, की मास्तर, त्या लेझरने ढग पांगतात म्हणतात, ते खरे का? दुसऱ्याने विहिरींच्या पाण्याविषयी विचारले. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि त्याच वर्षी जुलैमध्ये हिंगोली भागात भूकंप झाला, धक्के आमच्याकडेही जाणवले, तेव्हा तर प्रकल्पामुळेच जमीन हलते आहे असे बोलले जाऊ लागले. हे प्रश्न विचारणाऱ्यांना मी अडाणी समजत नाही. ज्याचे सारे वर्ष पावसाच्या चार सरींवर अवलंबून असते, त्याने आकाशाशी संबंधित कोणत्याही नव्या गोष्टीविषयी शंका घेणे स्वाभाविक आहे. त्याला कोणी त्याच्या भाषेत, त्याच्या ओसरीवर बसून सांगितले नाही, हा दोष त्याचा नाही. मी त्यांना सांगितले, की प्रकाश बंद नळीच्या आत धावतो आणि आतच राहतो, यंत्रातून बाहेर काहीही सोडले जात नाही, ते फक्त ऐकते. जमीन हलवणे दूरच, जमीन हलली की त्याचे काम थांबते. ऐकून घेतल्यावर त्यांतील एकाने विचारलेला पुढचा प्रश्न होता, की मग आमचे मळणीयंत्र चालले तर त्याला त्रास होईल का? ज्या माणसाला काल ढग पांगण्याची भीती वाटत होती, तो आज त्या यंत्राची काळजी करू लागला. शांततेविषयीचे नियम उद्या कागदावर आले तर ते पाळले जातील की झुगारले जातील, हे अशा दहा मिनिटांच्या बोलण्यावर ठरणार आहे.

सामान्य माणसाचा या संशोधनात प्रत्यक्ष उपयोग होतो, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील आणि जर्मनीतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २००५ पासून ‘आइन्स्टाइन ॲट होम’ नावाचा उपक्रम चालतो. लोकांच्या घरातले संगणक रिकामे असतील तेव्हा ते लहरींच्या आणि स्पंदक ताऱ्यांच्या, म्हणजे ठरावीक अंतराने स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, नोंदी तपासायला वापरले जातात. २०१० साली अशाच तपासणीत एक नवा स्पंदक तारा सापडला, आणि तो अमेरिकेतील एका दांपत्याच्या आणि जर्मनीतील एका गृहस्थाच्या घरच्या संगणकांवर सापडला. आमच्या तालुक्यातील शाळांत मिळालेले संगणक वर्षातले कितीतरी दिवस आच्छादनाखाली असतात. भारनियमन आणि इंटरनेटच्या अडचणी मला माहीत आहेत, पण एखादी शाळा जरी यात उतरली तरी मुलांना कळेल की तारा शोधण्यासाठी आधी पुण्याला जावे लागत नाही.

माझ्या शेवटच्या वर्षीच्या दहावीच्या वर्गात गुरुत्वाकर्षणाचा धडा शिकवताना एका मुलीने विचारले होते, की पाण्याच्या लाटेला पाणी लागते, आवाजाला हवा लागते, मग या लहरींना काय लागते? अवकाश स्वतःच ताणले आणि आकसले जाते, त्यासाठी वेगळे माध्यम लागत नाही, असे उत्तर मी दिले. ते बरोबर होते, पण मला स्वतःला ते पुरेसे कळलेले नव्हते आणि तिच्या चेहऱ्यावरून तिलाही ते कळले नसल्याचे दिसत होते. मला कोणाला विचारावे हे माहीत नव्हते. ती मुलगी पुढे कला शाखेकडे गेली. तिच्या घरापासून औंढा बसने दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे. तिच्या धाकट्या बहिणीने तोच प्रश्न विचारला तर तिच्या शिक्षकाला एखाद्या शनिवारी तिला घेऊन जाता येईल अशी जागा तिथे असावी, यासाठी मी हे लिहितो आहे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. औंढ्याच्या कामाची बातमी आजवर बहुधा जमिनीचे भाव, निविदा आणि मान्यवरांच्या भेटी यांच्या निमित्ताने आली. बांधकाम चालू असेपर्यंत दर पंधरा दिवसांनी तिथे काय उभे राहत आहे आणि ते कसे चालणार आहे, हे सोप्या मराठीत सांगणारा अर्धा स्तंभ आपण द्यावा. विदर्भ आणि मराठवाडा अशा दोन्ही आवृत्त्यांत तो एकाच दिवशी यावा. आमच्या वाचनालयात तो मोठ्याने वाचून दाखवण्याची आणि लोकांचे प्रश्न लिहून आपल्याकडे पाठवण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. रिसोड, जि. वाशीम